खिळ्यावरचं हेल्मेट

सोलोशपुस्ता, विमानतळावरून
१४ मार्च २००४

तिहामेरकाका,

पाकिटामागचं नाव मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहिलंय, म्हणजे कोण ही आगाऊ पोरगी असा प्रश्न पडायला नको. होय, तीच मी. एतेल्काची मुलगी एमोके. तुमच्या मांडीवर बसून तुमच्या थर्मासमधला चहा संपवणारी. आता तेवीस वर्षांची घोडी झालेय आणि नावावर तीनशे बारा उड्या आहेत.

पत्ता योलानमावशीने दिला. ती अजून इथेच छत्र्यांच्या घड्या घालते आणि अजून सगळ्यांना शिव्या घालते. म्हणाली, "फोन करू नकोस, तो उचलणार नाही. पत्र लिही. बालाटोन तळ्याच्या काठी द्राक्षं राखत बसलाय, त्याला वाचायला वेळच वेळ आहे."

काम असं आहे. मे महिन्यापासून आमच्याकडे जोडउड्या सुरू होतायत. म्हणजे पैसे भरून आलेलं गिऱ्हाईक शिक्षकाच्या पोटाशी बांधायचं आणि चार हजार मीटरवरून दोघांना सोडायचं. गिऱ्हाइकाला घरी दाखवायला आपली फिल्म हवी असते. ती मी घेणार. क्लबने हो म्हटलंय, पण कॅमेरा माझा मी आणायचा. सेगेदच्या दुकानात तीन बघून आले. एक अगदी छोटा, मुठीत मावतो. दुसरा त्याहून मोठा, चित्र छान. तिसरा जुन्या धर्तीचा जाडजूड. दुकानदाराला उडीबद्दल सांगितलं तर तो म्हणाला, लग्नाला चालतो म्हणजे कशालाही चालेल. तर काका, डोक्यावर बांधायला व्यवहारात बरा कुठला?

दुसरी गोष्ट. तुमचं हेल्मेट अजून हँगरमध्ये त्याच खिळ्याला आहे. आई गेली त्या संध्याकाळी तुम्ही अडकवून गेलात, ते तिथेच. शेजारच्या खिळ्यावर कुणी टोपीसुद्धा टांगत नाही. नवे लोक आत आले की त्याला नमस्कार करतात, कशाला ते त्यांनाही माहीत नाही. वारा नसताना त्याचा हनुवटीचा पट्टा हलतो असं दोघांनी मला सांगितलंय. मला वाटलं, लटकत राहण्यापेक्षा ते माझ्या डोक्यावर आलेलं बरं. तुमची परवानगी असेल तर.

त्या दिवशीचं मला फार आठवत नाही. एवढंच आठवतं की वीस ऑगस्टचा राष्ट्रीय सण होता आणि तुमच्या चित्रणासाठी आईने आपल्या झेंड्याच्या लाल-पांढऱ्या-हिरव्या कापडाची रुंद रिबीन कमरेला घ्यायची होती. विमान सुरू झालेलं. आई म्हणाली, "एमोके, डावीकडे गाठ मार, लवकर!" मी मारली. फुलासारखी मोठी. तिने माझ्या डोक्यावर टपली मारली आणि पळाली. आयुष्यात मला कशाचा अभिमान असेल तर त्या गाठीचा.

उत्तर पाठवा. चहा अजून मीच संपवते.

एमोके


बादाचोन
२२ मार्च २००४

एमोके,

तुझं पत्र दोन दिवस टेबलावर ठेवून मी त्याच्याभोवती फिरत होतो. मग वाचलं. अक्षर थेट आईचं आहे, तेवढं बदलता आलं तर बघ.

आधी कॅमेरा. छोटा घे. दुसरा विचार करू नकोस. छत्री उघडते तेव्हा झटका बसतो, आणि डोक्यावर जे काही असेल ते त्या क्षणी दहापट जड होतं. माझ्या काळातलं धूड होतं किलोभराचं. त्याने माझ्या मानेचे दोन मणके खाल्ले. आजही मागे बघायचं तर मला अख्खं वळावं लागतं.

दुकानात गेलीस की चित्र बघू नकोस, कॅसेट कुठून घालतात ते बघ. खालून घालायची असेल तर नको. दर उडीला कॅमेरा हेल्मेटवरून स्क्रू काढून उतरवावा लागतो, आणि तोवर विमान तुला सोडून जातं. बाजूने किंवा वरून हवी. हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी ती नवी सोय असेल तर बंद ठेव. वाऱ्यात ती वेड्यासारखी थरथरते. वरून थंडीतून खाली आलीस की भिंगावर ओल धरते, मग कॅमेरा पाण्याच्या थेंबाची खूण दाखवून चालायचंच नाकारतो. दोन उड्यांच्या मध्ये त्याला अंगातल्या जाकिटाखाली धर, कोंबडीने अंडं धरावं तसं.

रुंद दाखवणारं भिंग दुकानदार गळ्यात मारेल. घेऊ नकोस. त्यात नाकं बटाट्यासारखी दिसतात. डोळ्यासमोर नेम धरायचं कडं बसवून घे आणि त्यात गिऱ्हाइकाचा चेहरा धरून ठेव. चेहरा मिळाला की सगळं मिळालं. आणि सगळे चेहरे छानच येतात. पडताना वारा तोंडात शिरतो, गाल पसरतात, भीतीने अर्धमेला झालेला माणूससुद्धा हसल्यासारखा दिसतो. गिऱ्हाईक खूश. बायकोला दाखवतो, बघ कसा हसत होतो.

जुना नियम पाळ. उडीआधी जमिनीवर कुणाचं चित्र घ्यायचं नाही. आमच्यात तर ज्याला वर चित्रात धरायचं त्याच्याकडे कॅमेरेवाला जमिनीवर बघतसुद्धा नसे, पाठ करून उभा राहायचा. विमानाच्या दारात पहिली नजर. त्यापूर्वी बघितलं की वाईट होतं, असं मला शिकवणाऱ्याने सांगितलं होतं आणि त्याला त्याच्या शिकवणाऱ्याने.

हेल्मेटला परवानगी नाही. जुनं झालंय, आतून कुजलं असेल. त्याची हनुवटीची कडी एका ओढीत सुटत नाही. छत्रीची दोरी कॅमेऱ्यात अडकली तर डोकं त्यातून काढता येणार नाही. योलानला सांग, जाळून टाक म्हणावं. तू हात लावू नकोस.

तिहामेर


सोलोशपुस्ता
९ एप्रिल २००४

तिहामेरकाका,

तुम्ही एवढं लिहाल असं वाटलं नव्हतं. योलानमावशीला कोंबडीचं अंडं वाचून दाखवलं, ती हसून हसून खोकायला लागली. "म्हातारा कोंबडा अंडी उबवतोय म्हणे!"

छोटा कॅमेरा घ्यायचं ठरतंय. कॅसेट बाजूने जाते, बघून आले.

पण हेल्मेट जाळायचं नाही. तुम्ही रागवा. कडी मी बदलते, नवी एका बोटाने सुटणारी मिळते. आणि मला ते हवंच आहे, काका. घातलं की कान बंद होतात आणि आत कुणीतरी नुकतंच बोलायचं थांबलंय असं वाटतं. मला भीती वाटत नाही. उलट सोबत वाटते. फक्त मोठं होतं, आत डोकं डुगडुगतं. आतला जुना स्पंज कापून नवा जाड घालणार आहे. पुढच्या आठवड्यात बसते.

आता जे विचारायला मी पहिलं पत्र लिहिलं होतं, ते विचारते. कॅमेरा काय, कुणालाही विचारता आला असता.

आईने छत्री उघडलीच नाही. मोठीही नाही, राखीवही नाही. छत्री उघडायला ओढायच्या दोन्ही मुठी जागच्या जागी होत्या, एवढं चौकशीच्या कागदात आहे. वेळ आली की छत्री आपोआप उघडून देणारी ती पेटी तेव्हा फक्त शिकाऊंच्या पाठीवर असायची. बाबा त्याच्या आदल्या वसंतात घर सोडून गेले होते. गावात लोक काय बोलतात ते मी दुकानात रांगेत उभी राहून ऐकलंय. पाद्र्याने पुरताना जरा घाई केली असंही आजीला वाटलं होतं. आई पडत होती तेव्हा मला दिसू नये म्हणून योलानमावशीने माझ्या तोंडावर तिचा ॲप्रन टाकला आणि दाबून धरला. पिठाचा वास येत होता. तो ॲप्रन माझ्या तोंडावरून अजून निघालेला नाही.

तुम्ही तिच्यापासून दोन मीटरवर होतात. तुमच्या कॅमेऱ्यात ओल धरली आणि काहीच आलं नाही, असं तुम्ही चौकशीत सांगितलंत. ते खरं ना? आणि नसेल आलं, तर तुमच्या डोळ्यांना काय दिसलं? ती मला सोडून गेली का, एवढंच मला हवंय. हो की नाही. मला झेपेल.

एमोके


बादाचोन
१४ एप्रिल २००४

एमोके,

स्पंज कापू नकोस. बुडापेस्टहून तुझ्या मापाचं नवं हेल्मेट मागवलंय, आठवड्यात पोचेल. पैशाचं काढायचं नाही. जुनं होतं तिथे टांगून ठेव.

ओल धरली होती. काही दिसलं नाही.

तिहामेर


सोलोशपुस्ता
३ मे २००४

तिहामेरकाका,

हेल्मेट पोचलं. फार सुंदर आहे, डोक्याला अगदी बेतून केल्यासारखं बसलं. माझ्या डोक्याचं माप तुम्हाला कसं कळलं? आईचं होतं तेवढंच आहे का?

उड्या सुरू झाल्या. पहिल्या दिवशी एक खाटीक आला होता, शंभर किलोचा. दारात त्याने विमानाचा खांब असा धरला की शिक्षकाला एकेक बोट सोडवावं लागलं. मी क्लबच्या उसन्या कॅमेऱ्याने घेतलं. तुम्ही म्हणालात तसंच, फिल्ममध्ये तो राजासारखा हसतोय.

कॅमेऱ्याबद्दल माझं मन बदललंय. तो तिसरा जाडजूड आहे ना, तो घ्यावा म्हणते. नऊशे ग्रॅम आहे, पण नवं चित्रण करतो आणि जुन्या आठ मिलिमीटरच्या कॅसेटीही चालवून दाखवतो. तशा कॅसेटी चालवणारं यंत्र आता आमच्या भागात कुणाकडेच नाही. क्लबच्या कपाटात जुन्या कॅसेटी पडल्यात, त्या बघता येतील. म्हणजे एका दगडात दोन कामं. व्यवहाराच्या दृष्टीने कसं वाटतं?

जुनं हेल्मेट परत खिळ्याला टांगलं. आता हलकं झालंय.

एमोके


बादाचोन
८ मे २००४

एमोके,

व्यवहाराच्या दृष्टीने मूर्खपणा आहे. नऊशे ग्रॅममध्ये बॅटरी धरलेली नसते. तुझी मान बोटाएवढी. त्या कॅमेऱ्याची कॅसेट खालून जाते. त्याचा पडदा बाहेर उघडतो आणि दोरी अडकवायला खुंटी होऊन बसतो. जुन्या कॅसेटींच्या फिती दहा वर्षांत आतल्या आत चिकटतात, त्या फिरवल्या की यंत्राचं डोकं घाण होऊन नवं चित्रणही बिघडतं. दुकानदार हे सांगणार नाही.

एवढं लिहिलं आणि बाहेर जाऊन वेलींच्या दोन ओळी बांधून आलो.

तुला ती कॅसेट सापडली. स्पंजामागे, उजव्या कानाशी. चौकशीवाल्यांना मी कोरी दिली होती.

पोरी, ती बघू नकोस. त्यात काय आहे ते मीच सांगतो, म्हणजे बघायची गरज उरणार नाही.

आमची पद्धत अशी होती की ज्याचं चित्रण चाललंय त्याने उंचीचं घड्याळ बघायचं नाही. सारखं मनगटाकडे बघितलं की चित्र बिघडतं. उंची कॅमेरेवाल्याने सांभाळायची. बाराशे मीटर आले की त्याने डावा पंजा उघडून दाखवायचा, आणि समोरच्याने छत्री उघडायची. एतेल्का माझ्या हाताची वाट बघत होती. आणि मी तिच्या चेहऱ्यात गुंतलो. तसा चेहरा कड्यात रोज मिळत नाही. हात उशिरा वर केला. फार उशिरा. मग तिच्याकडे वेळच उरला नाही.

तिने तुला सोडलं नाही. मी मारलं तिला. चौकशीत घाबरलो आणि खोटं बोललो. गावाने तिला नावं ठेवली ती मी ऐकत राहिलो आणि एक दिवस इथे पळून आलो. एवढीच गोष्ट आहे.

आता ती कॅसेट स्टोव्हमध्ये टाक. पोलिसांकडे जायचं असेल तर हे पत्र घेऊन जा, मी सही करतो. पण बघू नकोस. आई आहे ती तुझी.

छोटा कॅमेरा घे.

बोदोर तिहामेर


सोलोशपुस्ता
२९ जून २००४

तिहामेरकाका,

सात आठवडे मी लिहिलं नाही. तुम्हाला वाटलं असेल पोलीस येतील. रोज फाटकाकडे बघत असाल.

तुमचं पत्र आलं त्यानंतर तीन दिवस मी सुखात होते, हे आधी सांगते. लाज वाटते, पण होते. तुमचा इतका राग आला की तुमचं नवं हेल्मेट भिंतीवर आपटलं, त्याला पोचा आला, आणि त्याच वेळी मला गाणं म्हणावंसं वाटत होतं. ती गेली नव्हती! तिला कुणीतरी नेलं होतं! दुकानात रांगेत उभी राहिले आणि सगळ्यांच्या डोळ्यांत बघितलं. आजीच्या थडग्यावर जाऊन तिलाही सांगितलं.

चौथ्या दिवशी मला एक प्रश्न पडला. जो माणूस घाबरून खोटं बोलला, त्याने आपल्याला तुरुंगात घालणारी कॅसेट जाळली का नाही? अकरा वर्षं जपून का ठेवली? स्वतःला वाचवणारा माणूस असं करत नाही.

मी जाडजूड कॅमेरा घेतला. डोक्यावर बांधायला नाही, एवढं तुमचं ऐकलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला, सकाळी, खिडकी उघडून. योलानमावशीला सोबत बोलावलं. तिने ॲप्रन घालून यायचं नाही अशी अट मी घातली.

कॅसेट चिकटली नव्हती.

तुमचा हात वेळेवर वर होतो, काका. तुमच्या पंजाच्या मागे उंचीचं घड्याळ बांधलेलं आहे आणि ते चित्रात आलंय. काटा बाराशेवर आहे. बाराशे दहासुद्धा नाही. आई तुमचा हात बघते. हसत असते. मग मान हलवते, नाही नाही म्हणून. तुम्ही पुन्हा हात दाखवता, जोरात. ती पुन्हा मान हलवते. मग तुमची छत्री उघडते, चित्र वर उडतं आणि पुढे नुसतं आभाळ आहे.

तर हे तुम्ही लपवलं होतं. तिने नकार दिला, हसत हसत, असं तुम्हाला दिसलं. म्हणून कॅसेट लपवली, म्हणजे जीव दिला म्हणून पाद्र्याने तिला दफनभूमीच्या कुंपणाबाहेर पुरू नये. आणि आता मला ते कळू नये म्हणून खून अंगावर घेतलात. मी टेबलाशी बसून राहिले. कॉफी उतू गेली.

मग योलानमावशी म्हणाली, "मागे घे. चेहरा सोड. हात कुठे आहे तिचा?"

मागे घेतलं. तुमच्या कॅमेऱ्याला ते रुंद भिंग होतं ना, नाकं बटाट्यासारखी करणारं? त्यात ती गुडघ्यापर्यंत दिसते. तुम्ही हात दाखवायच्या आधीच तिचा उजवा हात मागे गेलाय, कुल्ह्यावरच्या मुठीकडे. तिला आधीच कळलं होतं की वेळ झाली. मूठ दिसत नाही. तिच्यावर कापड आहे. लाल, पांढरं, हिरवं. ती कापड चाचपते, ओढते. मग डावा हातही तिथेच जातो. मान हलवते ती "नाही" म्हणत नाहीये, काका. ती सांगतेय, येत नाहीये.

आणि हसतही नाहीये. तुम्हीच लिहिलंय मला, वारा काय करतो ते.

मावशी म्हणाली, अडकलेली मूठ माणसाला सोडत नाही. आता येईल, आता येईल म्हणून दोन्ही हात तिथेच राहतात, आणि छातीवरची राखीव मूठ आठवेपर्यंत जमीन येते. तिने असे तीन बघितलेत.

माझा प्रश्न सुटला. हो की नाही, तर नाही. ती मला सोडून जात नव्हती. मला तर ते माहीतही होतं, पण मी धरून ठेवलं नव्हतं. तिने मला शब्द दिला होता की वीस ऑगस्टनंतर उड्या बंद, शनिवारी पोहायला दोघी जायचं. माझा निळा पोहण्याचा पोशाख आणून ठेवला होता.

आता जे लिहायचं नव्हतं ते. मी तीन वेळा हे पत्र इथे थांबवून पाकिटात घातलं होतं.

दारात उडी मारायच्या आधी ती तुमच्याकडे वळते आणि रिबिनीचं टोक हातात धरून कॅमेऱ्याला दाखवते, बघ म्हणून. गाठ पोटाशी आहे, जराशी उजवीकडे. वाऱ्याने ती मागे सरकून मुठीवर गेली.

तिने सांगितलं होतं डावीकडे. मी तिच्या समोर उभी होते. मी माझ्या डावीकडे मारली.

बारा वर्षांच्या मुलीला डावं उजवं कळतं. तुम्ही सांगा मला, कळतं ना?

एमोके


बादाचोन
४ जुलै २००४

एमोके, माझ्या पोरी,

काल दुपारी पत्र आलं. आज लिहितोय. 

बारा वर्षांच्या मुलीला डावं उजवं कळतं, आणि विमानाचा पंखा फिरत असताना आई लवकर म्हणाली की चुकतंही. म्हणून तर पुढे माणसं नेमलेली असतात. गाठ तू मारलीस. बघायचं काम माझं होतं. पन्नाशीचा माणूस होतो, दोन हजार उड्या झालेला. तू गाठ मारत होतीस तेव्हा मी चार पावलांवर होतो आणि तुमच्याकडे पाठ करून उभा होतो. नियम म्हणून. एकदा मान वळवली असती तर दिसलं असतं. तेव्हा माझी मान वळत होती.

दारात तिने मला ते टोक दाखवलं. मी बघितलं. मला काय वाटलं ते सांगतो, कारण हे मी कुणालाही सांगितलेलं नाही, स्वतःलाही नाही. मला वाटलं, लाल रंग काय झकास येतोय. रिबीन ही माझीच कल्पना होती. नुसत्या निळ्या आभाळावर चित्र फिकं पडतं म्हणून.

तू लिहिलंस त्यातलं मला काही माहीत नव्हतं. कॅसेट मी कधीच बघितली नाही; तिचा शेवटचा चेहरा त्यात होता, म्हणून जाळवलीही नाही. मला कड्यात दिसलं तेवढंच माझ्याकडे होतं, एक चेहरा हसतोय आणि मान हलवतोय. आदल्या दिवशी ती मला म्हणाली होती, "ही माझी शेवटची उडी, तिहामेर." आपल्यात असं कुणी तोंडाने बोलत नाही. अपशकुन मानतात. निळ्या पोशाखाचं ती काही बोलली नाही. मी दोन आणि दोन जोडले आणि अकरा वर्षं त्या बेरजेखाली झोपलो. रोज तिच्यावर चिडत होतो, एमोके. इतकी हसत कशी गेलीस, म्हणून. तिची मूठ अडकली होती, ती मला सांगत होती, मी दोन मीटरवर होतो. हात लांब केला असता तर कापडाला लागला असता. आणि मी तिच्यावर चिडून माझी छत्री उघडली.

तेव्हा ती गाठ तू ठेवून घेऊ नकोस. ती माझी आहे. खोटा गुन्हा अंगावर घेतला होता तेव्हा हलका वाटत होता. हा खरा आहे, आणि तो मी कुणाला देणार नाही. तुला तर नाहीच.

मी येतोय. वीस ऑगस्टला. योलानला सांग, शिव्या तयार ठेव. ती कॅसेट मला तुझ्या स्वयंपाकघरात बघायची आहे, खिडकी उघडून. मग गावातल्या दुकानात रांगेत उभा राहीन आणि पाद्र्याकडेही जाईन, आणि काय झालं ते मोठ्याने सांगेन.

कॅमेऱ्याचं राहिलं. मी तुला चुकीचं सांगितलं होतं, ते बदलून घे. छोटाच घे, पण रुंद भिंग बसव, मिळेल तेवढं रुंद. नाकं बटाट्यासारखी दिसली तर दिसू देत. आणि आमचा तो नियम मोड. गिऱ्हाईक विमानात चढण्याआधी जमिनीवर त्याचं चित्र घे, डोक्यापासून पायापर्यंत, पुढून आणि मागून. पट्टे, कडी, मुठी. कुणी म्हणालं वाईट होतं, तर मला विचार म्हणावं.

आणि वर गेलीस की कुणी हसताना दिसलं म्हणून विश्वास ठेवू नकोस. वारा सगळ्यांनाच हसवतो. हात बघ.

तिहामेर